कलमनानांचा साखऱ्या

चहाला उकळी फुटायच्या आत "कप कोठे शे?" म्हणून ओरडणारा माणूस कलमं कशी बांधत असेल, असं कुणालाही वाटलं असतं. कलमनाना माझे थोरले काका. जेवताना घाई, बोलताना घाई, एसटी यायच्या आधी दोन तास फाट्यावर जाऊन उभे. कलमाजवळ मात्र हाच माणूस पार वेगळा व्हायचा. "लोके घाई करतस म्हनीसन झाडे मरतस," असं आम्हालाच ऐकवायचे!

त्यांना येत होतं ते भेट कलम. कुंडीतलं कोयीचं रोप मांडवावर चढवायचं, चांगल्या झाडाच्या फांदीजवळ आणायचं, दोघांची साल तासून अंगाला अंग लावायचं नि केळीच्या सोपटानं घट्ट बांधायचं. मग दोन-अडीच महिने रोज पाणी. जोड बसला की फांदी मूळ झाडापासून कापायची. तापीकाठच्या कितीतरी मळ्यांत नानांची कलमं होती.

पण आमच्या मळ्यातल्या साखऱ्याचं कलम त्यांनी कधी केलं नव्हतं. हा आंबा त्यांच्या आईनं लावलेला. त्याच्या रसात साखर घातली तर काकी भांडायला उठायची. "कोय लाईसन आंबा येस, पन हाऊ आंबा येत नही," नाना म्हणायचे. घरचंच झाड, कुठं पळून जातंय, अशी त्यांची समजूत.

मग खाली गुजरातेत धरण व्हायला लागलं. आमचं गाव पाण्यात जाणार, हे सगळ्यांना कळलं होतं. मी विसरवाडीच्या शाळेत शिकवायचे. सुट्टीला आले की त्यांच्या मागे लागायचे, "नाना, साखऱ्याची कलमं बांधा ना हो!" ते खेकसायचे, "तापीमायले कोन आडाई वं? आज कलम बांधं, म्हंजे गाव सोडानं कबूल करं!" दोन पावसाळे त्यांनी असेच घालवले. काय म्हणावं या हट्टाला!

तिसऱ्या पावसाळ्यात शेजारचे लोक घरं उतरवून न्यायला लागले, तेव्हा कुठं नाना साखऱ्याची कलमं बांधायला मांडवावर चढले. दिवाळीनंतर निघायचं ठरलं होतं. पण पाणी आधीच चढलं नि भर श्रावणात सामान न्यायला ट्रक दारात उभा राहिला. नानांनी जोडावर बोट फिरवलं. "जोड बसना नही," एवढंच म्हणाले आणि एकेक फांदी कापत गेले. मी कुंड्या ट्रकमध्ये चढवल्या.

नव्या गावात महिनाभरात सगळे शेंडे वाळले. मूळ साखऱ्या तोवर पाण्याखाली गेला होता. एका कुंडीत मात्र लालसर पालवी फुटली. काकी नाचायचीच बाकी होती. "दख वं, मन्हा साखऱ्या जगना!" मी वाकून पाहिलं. पालवी बांधणीच्या खालून आली होती. म्हणजे जगलं ते कोयीचं रोप, साखऱ्या नव्हे. नानांनी माझा दंड धरला. "काकीले सांगू नको."

ते रोप त्यांनी अंगणात लावलं. मुरमाड जमीन, विहिरीला पाणी नाही. लांबून हंडा आणून घालायचे. काकी आल्यागेल्याला रसाचं आमंत्रण द्यायची, आणि नाना मान डोलवायचे.

दोन उन्हाळ्यांनी काकी तापानं गेली. तिचे दिवस झाल्यावर मी पाहिलं, झाडाची पानं माना टाकून लोंबत होती.

"नाना, पाणी घातलं नाही? वाळेल ना ते!"

"वाळू दे," नाना म्हणाले. "तिन्हाकरताच व्हतं ते."