साहेबाला न विचारायचा प्रश्न

हसणार नसाल तरच सांगतो. आणि चहा आधी खाली ठेवा, नाकात जाईल!

मुलुंडला नानांचा बिजागऱ्यांचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याची शेड! बारा कारागीर आणि हिशेबाला मी, एकटा मॅट्रिक. काम आटलं होतं. दिवाळीनंतर शेडला कुलूप, असं नानांनी सांगूनच टाकलं होतं. अशात पत्र आलं, जर्मनीचा एक व्यापारी माल बघायला येतोय. इंग्रजी बोलणार कोण? अर्थात मी!

आदल्या दिवशी नानांनी मला समोर बसवलं. त्यांचा मेहुणा बोटीवर होता, त्याने सगळं पढवून ठेवलेलं.

"रघ्या, नीट ऐक. लढाईचा विषय काढायचा नाही. हरलेत ते."

"बरं."

"पगार विचारायचा नाही. वय नाही. लग्न झालं का, मुलं किती, काही नाही. देवधर्म तर नाहीच नाही."

"मग नाना, बोलायचं काय?"

"हवा! साहेब लोक हवेवर बोलतात."

आता तुम्हीच सांगा, मुलुंडच्या हवेवर माणूस बोलणार किती? साहेब आला, सहा फूट उंच, लालबुंद. मी म्हटलं, "फार उकडतं." तो म्हणाला, "हो." संपली हवा!

मग तो नुसता बिजागऱ्या उघडमीट करत बसला. नानांच्या घरून वहिनींनी करून पाठवलेल्या पुरीभाजीला हात लावला नाही. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. (प्यायला नव्हता, हीच तर गोम! पण ते पुढे.) नाना डोळ्यांनी खुणावतायत, बोल, बोल! लढाई नको, पगार नको, बायको नको... उरलं काय? आमच्या घरी कुणाचं तोंड उतरलं की आई पहिलं जे विचारते, तेच माझ्या तोंडून गेलं.

"साहेब, पोट साफ होतं ना रोज?"

इंग्रजीत! खणखणीत!

नानांना नेमकं तेवढं इंग्रजी कळलं. टेबलाखालून अशी लाथ घातली की नडगी अजून दुखते. साहेब बिजागरी हातात घेऊन थिजला. वाट लागली! बारा जणांचे संसार मी एका वाक्यात रस्त्यावर आणले होते.

साहेबाने हळूच दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना. मग कुजबुजला, "पाच दिवस झाले."

अहो, मग काय! हा तर आपला विषय! घरी धावत गेलो आणि आईची एरंडेलाची बाटली उचलून आणली. "गरम चहातून दोन चमचे. नाक दाबून!" साहेबाने बाटली कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि गेला. मालाबद्दल अवाक्षर नाही.

"त्याला काही झालं ना रघ्या," नाना म्हणाले, "तर पहिला तू घरी!"

दुसऱ्या दिवशी बारा वाजता दारात टॅक्सी. साहेब उडी मारून उतरला, मला मिठी मारली, पुऱ्या मागवून सात खाल्ल्या आणि वर्षभराच्या मालावर सही ठोकली! नानांनी पेढे वाटले. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

"काय बोललास रे साहेबाशी?" कारागीर विचारायचे.

"धंद्याचे डावपेच असतात बाबांनो. तुम्हाला नाही कळायचे."

दोन महिने कॉलर ताठ करून फिरलो. मग जर्मनीहून माझ्या नावाने खोकं आलं. घड्याळच असणार! मी सगळ्यांना गोळा केलं आणि ऐटीत उघडलं.

गोळ्यांचे बारा डबे. वर पत्र. नानांचा बोटीवरचा मेहुणा सुटीवर आला होता, त्याने ते मुद्दाम मराठी करून मोठ्याने वाचलं:

"मित्रा, माझा नुसता चेहरा बघून तू ओळखलंस. असं ज्याला ओळखता येतं, त्याला तेच दुखणं असणार. आमच्याकडचं औषध पाठवतोय. लाजू नकोस."

शेड हसून हसून आडवी! त्या दिवसापासून मला कुणी रामराम केला नाही. सगळे एकच विचारायचे, "काय रघूशेठ, झाली का?"

हसा, हसा! पण शेडला कुलूप लागलं नाही ते माझ्यामुळे, हे विसरू नका. आणि त्या गोळ्या? मी तिथल्या तिथे ठणकावून सांगितलं, मला असलं काहीही दुखणं नाही!

बारावा डबा संपला त्या दिवशी गुपचूप नानांना गाठलं. "नाना, साहेबाला पत्र टाकताय ना? आणखी एक खोकं मागवा."