उजवीकडे न वळता नेरूळला

नव्वदच्या दशकात मला मोटार उत्तम चालवता येत असे. फक्त उजवीकडे वळता येत नसे.

यात बुद्धीचा दोष नव्हता. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बार्शीच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय अशी, की शिकवले ते पाठ! त्यांचे उपकार मी विसरणार नाही. वाशीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्येही मी वाहतुकीच्या नियमांचे पुस्तक कवितेसारखे पाठ केले. पण आमचे उस्ताद रोज सकाळी सेक्टरभोवती जी फेरी मारायला लावत, ती डावीकडून डावीकडे. (देवाला प्रदक्षिणा घालतात, त्याच्या बरोबर उलटी!)

"उस्ताद, उजवीकडे कधी?"

"टेन्शन नको, साहेब. ते आपोआप येतं."

उस्तादांच्या पायाखालीही एक ब्रेक होता, हे मला लायसन्स हातात पडल्यावर कळले. म्हणजे एकवीस दिवस गाडी मी थांबवतोय असे मला वाटे, आणि थांबवत ते असत!

अशा तयारीनिशी मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची जुनी गाडी घेतली. ती वाशीहून नेरूळला आमच्या घरी आणायची होती, आणि नेमक्या त्याच रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, सुनंदाला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. आई-वडील कराडकडचे, वाशीत नातेवाइकांकडे उतरलेले. वडील 'ट्रान्सपोर्ट लायनीत' होते, असे मध्यस्थ म्हणाला होता. आमचे वडील गेल्यापासून सुनंदाचे लग्न ही माझी जबाबदारी. आधीच्या दोन स्थळांनी 'कळवतो' म्हणून काही कळवले नव्हते. हे स्थळ हातचे जाऊन चालणार नव्हते.

"त्यांना रिक्षानं आण रे," आई म्हणाली.

"आई, दारात गाडी असताना रिक्षा? काय म्हणतील!"

"गाडी अजून दारात कुठंय?" सुनंदा म्हणाली.

साडेदहाला मी पाहुण्यांना गाडीत बसवले. मुलाचे वडील (त्यांना मी मामा म्हणू लागलो होतो, आईला मामी) माझ्या शेजारी, मुलगा आणि मामी मागे. वाशीतून डावीकडे वळून आम्ही पनवेलच्या हमरस्त्याला लागलो.

सेक्टरमध्ये फार तर भाजीची हातगाडी आडवी येई. इथे आजूबाजूला नुसती चाके! माझ्या डोक्याच्या उंचीची! टँकर असा हॉर्न देई, की माझा पाय आपोआप ब्रेकवर जाई. शेजारच्या मामांचा पायही तसाच दाबला जाताना मी पाहिला, पण त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता. (याचे मला फार वाईट वाटले.)

आणि तेवढ्यात लक्षात आले, की इकडून जाताना नेरूळ उजवीकडे आहे.

मी पुस्तकाप्रमाणे उजवा हात खांद्याइतका सरळ बाहेर काढला. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या क्लीनरने त्या हातावर टाळी दिली आणि ओरडला, "ओ शेठ, हात जाएगा!" मी हात आत घेतला. आरशात पाहिले, तर मागच्या ट्रकने दोनदा दिवे लावले. बिचारा मला 'या' म्हणतोय! मी जरा उजवीकडे सरकलो मात्र, तो असा अंगावर आला, की मी डोळे मिटून परत डावीकडे आलो. डोळे उघडले तेव्हा नेरूळ मागे गेले होते.

"नेरूळ आलं न्हाई का अजून?" मागून मामींनी विचारले.

"म्हटलं, जरा नवी मुंबई दाखवावी तुम्हाला," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. "हे बेलापूर. इथे मोठमोठी ऑफिसं होणार आहेत."

"बरं," मामा म्हणाले. तेवढेच.

मी बोलत सुटलो. "हे ट्रकवाले म्हणजे एकजात अडाणी, मामा! नियम माहीत नाहीत, रीत माहीत नाही. लायसन्स कोण देतं यांना!"

मागे मुलगा खोकला. मामा खिडकीबाहेर बघत राहिले.

"हा खारघरचा डोंगर," मी म्हणालो.

"दिसतोय," मामा म्हणाले.

कळंबोलीला मोठे सर्कल आहे. तिथे गोल फिरून परत निघालो, की नेरूळ डावीकडे येणार, हे सुचल्यावर मला शाळेत पहिला नंबर आल्याचा आनंद झाला. मी सर्कलमध्ये शिरलो. ही प्रदक्षिणा मात्र देवाला घालतात तशीच होती. घालता आली. बाहेर पडता येईना! डाव्या बाजूने लोखंड लादलेल्या ट्रकांची रांग. बाहेर पडायची वाट दिसे आणि निघून जाई. एक फेरी झाली. दुसरी झाली.

"अहो, हे मघाचंच झाड," मामी म्हणाल्या.

"आई, गप बस," मुलगा म्हणाला.

तिसरी सुरू झाली. गाडी ठोकली तर? आणि नाही ठोकली, तरी सुनंदाचे काय? तिच्या भावाने पाहुण्यांना सर्कलभोवती फिरवून आणले, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

तेव्हा मामा हलले. त्यांनी शांतपणे डावा हात खिडकीबाहेर काढला, पंजा उघडला आणि सावकाश खालीवर केला. बस, एवढेच. एक अख्खा ट्रक हळू झाला! त्याच्यामागची रांगही थबकली.

"घ्या आता डावीकडं. दमानं."

मी बाहेर पडलो.

"मामा, तुम्हाला हे कसं येतं? तुम्ही तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात…"

"ऑफिसात न्हाई. ट्रकवर. सव्वीस वर्सं."

खारघरचा डोंगर पुन्हा आला, पण या वेळी मी त्याची ओळख करून दिली नाही.

"माफ करा, मामा. मघाशी मी जे बोललो…"

"ऱ्हाऊ द्या. एक ध्यानात ठेवा. मागचा दोनदा लाइट मारतो, ते 'या' म्हनून न्हाई. 'मी येतोय, मरू नका' म्हनून."

पुस्तकात हे कुठेच नव्हते.

घरी पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. आईने पोहे तिसऱ्यांदा गरम केले होते. त्यांचा आता चिवडा झाला होता. मामींनी दारातच कळंबोलीच्या फेऱ्यांची हकीगत सांगून टाकली. सुनंदा चहाचा ट्रे घेऊन आली, पाहुण्यांपुढे ठेवला आणि मान खाली घालायचे विसरून मला म्हणाली, "दादा, वाशीहून नेरूळला यायला पनवेल लागतं?"

संपले, मला वाटले. पण मुलगा हसू लागला. तो इतका हसला, की मामींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

कपबशी खाली ठेवत मामा म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पन आमची एक अट हाय."

आईचा चेहरा उतरला. अट!

"लग्नात नवरीची गाडी तिच्या भावानं चालवायची न्हाई."

मी दोन्ही हात जोडून अट मान्य केली. लग्नाला मी वऱ्हाडाच्या बसमधून गेलो. वाटेत बस दोनदा उजवीकडे वळली. दोन्ही वेळा मी डोळे मिटले आणि, सवयीने, समोरच्या सीटखाली ब्रेक दाबला.