पंख्यासमोरची खुर्ची

आर्जेलिन आमच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या इंटर्नशिपला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला सांगून टाकलं, "पोरी, इथे शिकण्यासारखं काही नाही. धूळ आहे, वाळवी आहे आणि मी आहे."

ती हसली नाही. "चालेल, मॅम लुझ," म्हणाली आणि फडकं शोधायला लागली.

बापाचं नाव आर्नेल, आईचं जोसलिन, म्हणून पोरीचं आर्जेलिन. आमच्याकडे नावातही आईबाप निम्मे निम्मे वाटून घेतात. तिच्या वर्गातल्या मुली मनिलाला गेल्या होत्या, गारेगार ग्रंथालयांत. हिलाही तिच्या बाईंनी एका मोठ्या विद्यापीठात जागा मिळवून दिली होती, जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण धरून. ती सोडून ही तळ्याकाठच्या आमच्या गावातलं गळकं वाचनालय मागून घेऊन आली. असं करणारी पोरगी एकतर आळशी असते, नाहीतर प्रेमात पडलेली. ही दोन्ही नव्हती. ही नुसती दमलेली होती. एकोणीस वर्षांची मुलगी खाली बसताना माझ्यासारखा "अगं आई गं" करून बसायची. पहाटे उठून घरचा भात टाकायचा, धाकट्या भावाला, बुदोयला, अंघोळ घालायची, त्याच्या दम्याचं औषध द्यायचं आणि मग इथे येऊन माझी धूळ खायची. आई जानेवारीत गेली होती. कुवेतमध्ये घरकामाला होती, तिकडून पेटीतूनच परत आली.

आणि काम तरी कसलं! नगरपालिकेला आमची जागा हवी होती. वाचनालय नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जाणार, लिफ्ट नाही, आणि मेअखेर ही जुनी इमारत पाडणार. त्यामुळे उन्हाळाभर आम्ही दोघी पुस्तकांचे गठ्ठे बांधत होतो. मी गाठी मारायची, ती उचलायची. माझ्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय, मीच तेवढी अजून नोकरीत आहे.

आमच्याकडे वाचक कमी, पण माणसं येतात. दोन घरं सोडून मयताचं दुकान आहे, तिथेच रात्र रात्र लोक मृताजवळ बसतात. तिथून उठलेलं माणूस कधी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, पाचदहा मिनिटं टेकायचं, म्हणजे मेलेलं माणूस मागोमाग घरी येत नाही, तिथेच राहतं. याला आम्ही पगपग म्हणतो. बहुतेक जण कोपऱ्यावरच्या बेकरीत थांबतात. बेकरी बंद असली की आमच्याकडे. पंख्याखाली बसतात, पुस्तकाला हातही लावत नाहीत, शेंगांची टरफलं टाकतात आणि आपलं मयत माझ्या गळ्यात बांधून चालू लागतात. माझ्या नवऱ्याला मी बेकरीतच सोडलं. जिवंतपणीही तो तिथेच पडीक असायचा, त्यामुळे त्याला फारसा फरक पडला नसावा.

तर एक खुर्ची होती. खिडकीजवळची, पांढरी, प्लास्टिकची. बाकी सगळ्या खुर्च्यांवर आर्जेलिन गठ्ठे रचायची, या एकीवर नाही. शिवाय भिंतीवरचा आमचा एकुलता एक पंखा, ज्याची मान एकाच बाजूला वळते, तो ती त्या खुर्चीकडे करून ठेवायची. मी इकडे घामाने निथळतेय आणि पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालतोय. एक दिवस माझं डोकं फिरलं.

"काय गं, कोण महाराणी बसलीय तिथे?"

तिने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "माझी नानाय, मॅम." नानाय म्हणजे आई.

मग तिनेच सांगितलं. जानेवारीत आईला पुरून येताना बेकरी बंद होती, म्हणून सगळं घर इथे थांबलं होतं. बापच म्हणाला होता, थांबायलाच हवं, घरात दम्याचं पोर आहे. आर्जेलिन स्वतः याच खुर्चीवर बसली होती. निघताना तिने मागे वळून बघितलं, तर आत्याने तिची मान धरून पुढे वळवली.

"आम्ही तिला इथेच ठेवून गेलो, मॅम. चार वर्षांनी घरी आली होती, आणि आम्ही तिला घरी जाऊच दिलं नाही."

"अगं, आत्मा चाळीसच दिवस इथे घुटमळतो, ते कधीच होऊन गेले. वर गेली असेल ती."

"ती नाही जाणार. रस्ता विचारायलासुद्धा लाजायची ती." तिने नाक पुसलं. "मला तिला घरी न्यायचंय. महिनाअखेरीला इथे मशीन येणार. पण ताताय नको म्हणतात."

ताताय म्हणजे बाप, आर्नेल. त्याला गावात कोण ओळखत नाही? मोटारसायकलला साइडकार लावलेली तीनचाकी चालवतो. साइडकारमध्ये दोघांची जागा, हा चौघांना कोंबतो, दोघं स्वतःच्या मागे, आणि एखादं पोर टपावर बसायला तयार असेल तर तेही. लोक म्हणतात, आर्नेलच्या गाडीत हवासुद्धा भाडं देऊन बसते. पण पोरीला सोडायला-न्यायला आला की तो वाचनालयाच्या दारात यायचा नाही. सकाळी कोपऱ्यावरच उतरवून पसार व्हायचा, संध्याकाळी तिथूनच घेऊन जायचा.

मी असल्या गोष्टी मानते की नाही, हे मला कुणी विचारू नये. वयानुसार उत्तर बदलतं. पण त्या दिवसापासून मला खुर्चीकडे पाठ करून बसवेना. मी माझी खुर्ची वळवून घेतली आणि घामाघूम होत गठ्ठे बांधत राहिले. लोक पगपगला आले की आर्जेलिन त्यांना पाणी द्यायची आणि हळूच सांगायची, "तिकडे नको हं, इकडे बसा." शेवटच्या आठवड्यात तर तिचा चेहरा बघवेना. रोज संध्याकाळी खुर्चीशेजारी उभी राहायची, ओठ हलायचे, आणि मग आईला तिथेच सोडून निघायची. बापाच्या मनाविरुद्ध आईला घरात घ्यायचं, आणि उद्या बुदोयला काही झालं तर? पोरगी दोन्हीकडून चेपली गेली होती.

म्हणून एका संध्याकाळी पोरगी निघण्याआधी मीच कोपऱ्यावर जाऊन आर्नेलला गाठलं.

"काय रे, माझ्या दारात यायला तुला टोल पडतो का?"

"नाही, मॅम." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "पोरगी काही बोलली का? तिचं मनावर घेऊ नका."

"सोमवारी छप्पर पाडणार आहेत. बायकोच्या अंगावर पाडू द्यायचं का?"

"मॅम, घरात लहान पोर आहे. मेलेलं माणूस घरात आलं तर कुणाला तरी घेऊन जातं."

"जोसलिन? स्वतःच्या पोराला? ती कोंबडी कापायलासुद्धा दुसऱ्याला बोलवायची!"

तो ब्रेकच्या तारेशी खेळत बसला. मग हळूच म्हणाला, "ती कुवेतला जायला तयार नव्हती. जा म्हणणारा मीच. आता घरी आली तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

तोंडात आलं ते बोलून गेले. "तुझी पोरगी दिवसभर तिला पंखा लावून देते. आम्ही दोघी इथे उकडून मरतोय."

"पंखा?" त्याने वर बघितलं. "तिकडे तिच्या खोलीत पंखा नव्हता, मॅम. खोली कसली, स्वयंपाकघराच्या मागची अडगळ. प्रत्येक फोनला सांगायची, उकडतं रे."

त्याने पोरगी येण्याआधीच गाडीला किक मारली आणि निघून गेला. त्या संध्याकाळी आर्जेलिन घरी चालत गेली. मला वाटलं, झालं, होतं नव्हतं ते मी बिघडवलं.

शनिवार शेवटचा दिवस. कपाटं गेली, गठ्ठे गेले, राहिली ती खुर्ची, पंखा आणि आम्ही दोघी. पंखा तेवढा काढायचा होता, पण मी काही हात लावला नाही. वीज तोडायला येतील ते काढतील. आर्जेलिनच्या कागदावर मी सही केली, शेऱ्याच्या जागी काय लिहावं सुचेना, म्हणून 'उत्तम' लिहिलं. तेवढ्यात दारातच तीनचाकीचा आवाज आला.

आर्नेल आत आला. अंघोळ करून, केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. खुर्चीसमोर जाऊन टोपी काढून उभा राहिला. मग रोज घरात बोलावं तसं बोलला, "जोसी, चल. भात झालाय."

आर्जेलिन भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मी तिला उठवलं नाही, माझेच डोळे कुठे कोरडे होते? रडून झाल्यावर तिने उठून पंखा बंद केला.

बाहेर त्याने गळ्यातल्या टॉवेलने साइडकारची सीट पुसली. पुसली म्हणजे कोपरे न् कोपरे. बुदोय पुढे टाकीवर बसला होता, आर्जेलिन बापाच्या मागे बसली. इतक्यात मासेवाली चोलेंग दोन टोपल्या घेऊन धावत आली.

"आर्नेल, थांब रे! बाजारात सोड मला." एक पाय तिने साइडकारमध्ये टाकलासुद्धा.

"जागा नाही, चोलेंग."

"जागा नाही? अख्खी गाडी रिकामी दिसतेय! मला काय आंधळी समजतोस?"

"भरलीय," आर्नेल म्हणाला.

चोलेंगने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भरलीय गं. मागची गाडी पकड." ती तोंडातल्या तोंडात शिव्या देत टोपल्या घेऊन बाजूला झाली.

गाडी सावकाश निघाली, खड्डे चुकवत. रस्त्यात दोघातिघांनी हात केले. कोपऱ्यावर बेकरीवाल्याने नेहमीसारखी हाक मारली, पावाची पिशवी उंच धरून दाखवली. आर्नेल रोज तिथे थांबतो. त्या दिवशी तो थांबला नाही.