वर केलेला हात

लेकीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात खराखुरा सांगाडा ठेवला होता. डोक्यावर टोपी, दातांत बिडी, डावा हात तारेने वर बांधलेला आणि गळ्यात पाटी: 'बंडूकाका आपले स्वागत करीत आहेत.' पालक शेजारी उभे राहून फोटो काढत होते.

मी हाडांची डॉक्टर, त्यामुळे नजर आपोआप कमरेच्या हाडांकडे गेली. रुंद, पसरट, बाळाला वाट देणारी कंबर होती ती. बंडूकाका कसले डोंबलाचे!

"सर, ही बाई आहे," मी म्हणाले.

"हो का?" विज्ञानाचे सर हसले. "मग पुढच्या वर्षी साडी नेसवू!"

माझं डोकंच फिरलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. तिच्या त्या वर बांधलेल्या हातातलं करंगळीकडचं हाड मधोमध मोडून वाकडं जुळलं होतं. माणूस पडला की बहुधा मनगट मोडतं. हे हाड असं मोडतं ते काठी चुकवायला हात तोंडासमोर धरला की. माझ्याकडे येतात ना अशा बायका. "मोरीत घसरले," म्हणतात, आणि शेजारी बसलेला नवरा मान डोलावतो.

कातडी गेली, नाव गेलं, बाई असणंसुद्धा आम्ही टोपीखाली झाकलं. हाड तेवढं विसरलं नाही.

मी टोपी काढली, बिडी फेकली. तार मात्र सुटेना. मार चुकवायला वर गेलेला तो हात तसाच वर राहिला, आणि मागून आलेल्या एका बापाने हसत हसत त्याला टाळी दिली.