अटी वाचणारे सोमाजीभाऊ

सोमाजीभाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी माझ्या गावी, सावलीला, आमच्या बांधावर होते, धान कापायला आलेल्या बायांना चहा देत. धानोऱ्याहून फोन. "बाई, भाऊ गेले. तीन दिवस ताप होता, आज सकाळी उठलेच नाई." मी विचारलं, "कोणते भाऊ?" धानोरा तालुक्यात माझ्या ओळखीचे पन्नास भाऊ असतील, पण खरं सांगते, विचारायच्या आधीच मला कळलं होतं. उगाच दोन सेकंद लांबवले. मग किटली ठेवली आणि बांधावरच बसले... कापणीतल्या एकीनं विचारलं, "काऊन बाई, का झालं?" मी म्हटलं, "माझा गुरू गेला." ती म्हणाली, "कोणता बाबा व्हय?" बाबा कसले! बसस्टँडजवळच्या टिनाच्या खोलीत मोबाईल दुरुस्त करणारा माणूस. टेलिफोन खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला, डोळ्याला भिंग लावून बसलेला. पण तिला ते सांगत बसले नाही.

मी धानोऱ्याला गेले ती एका कंपनीची माणूस म्हणून. कंपनी बंगळुरूची. मशीनला गोंडी आणि आपली झाडी बोली शिकवायची, हे तिचं काम. त्यासाठी गावोगावच्या लोकांचे आवाज हवे होते. मी लोकांना बोलतं करायचं, टॅबवर रेकॉर्ड करायचं आणि पाठवून द्यायचं. पगार वेळेवर, गळ्यात ओळखपत्र, आई सावलीभर सांगत फिरायची, "आमची पोरगी कॉम्प्युटरले बोलाले शिकवते." आणि पहिल्याच महिन्यात टॅब चार्ज होईना. लोकांनी बोट दाखवलं ते सोमाजीभाऊंच्या टिनाच्या खोलीकडे. मी तोऱ्यात गेले, "जरा लवकर करा, कंपनीचं काम आहे." त्यांनी भिंगातूनच माझ्याकडे पाहिलं. "कंपनीचं हाय तं कंपनीले बोलवा. तुमचं असन तं बसा." बसले. काय करणार!

पुढची सहा वर्षं मी त्या खोलीत बसत आले. सोमाजीभाऊ एखादा फोन उघडायचे आणि उघडता उघडता तो बनवणाऱ्या कंपनीची कुंडली मांडायचे. "हे पाह्य बाई, गोंद. बॅटरी गोंदानं चिटकवली. काऊन? तं बॅटरी गेली का माणसानं नवाच फोन घ्यावा." दुसरा फोन उघडला की, "हा स्क्रू पाह्य, पाच कोनाचा. आपल्या पेचकसनं खुलू नाई म्हणून मुद्दाम बनवला. आपण कुलूप लावतो ते चोराच्या भेवानं. हे त मालकाच्याच भेवानं लावून राह्यले!" कंपनी देशी का परदेशी, जाहिरातीत कोणता नट नाचतो, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. आतून कशी आहे, एवढंच बघायचे. आणि नुसती नावं ठेवणारा माणूस नव्हता हो तो. त्यांच्या टेबलावर एक जुना बटणांचा फोन असायचा. चार साधे स्क्रू, मागचं झाकण नखानं निघतं. तो उघडून दाखवताना त्यांचा चेहरा देवळात गेल्यासारखा व्हायचा. "ज्यानं हे बनवलं तो भेटला तं मी पाया पडीन. तो मले ओळखत नव्हता, पण माह्या हाताचा विचार केला त्यानं." मी इंजिनियरिंगला दोन वर्षं घालवलेली मुलगी, पण वस्तू बनवणं ही माणुसकीची गोष्ट असू शकते हे मला त्या खोलीत कळलं.

साडेदहाच्या बसनं पेपर यायचा. भाऊ आधी व्यापाराचं पान काढायचे, ज्या पानात आमच्याकडे लोक सरळ भजी बांधतात ते! कोणत्या कंपनीनं कोणती कंपनी घेतली, कोण कोणात विलीन झाली, हे पेन्सिलीनं खुणा करून वाचायचे. एकदा मी हसले, "भाऊ, तुम्हाला का शेअर घ्यायचे आहेत?" ते म्हणाले, "तेंदूपत्त्याचा ठेकेदार दरसाल नवा येते. पाटी नवी, गाडी नवी. पण फडीवर पत्ता मोजणारा मुंशी जुनाच राह्यते. मी तो मुंशी हुडकून राह्यलो." फुकट मिळणाऱ्या ॲपबद्दल त्यांचं मत दोन वाक्यांचं होतं. "फुकट भेटलं का मी आधी खाली पाह्यतो. जाळं कुठी लावलं, ते दिसलं का मंगच पाय टाकतो." मी मान डोलवायची आणि संध्याकाळी दोन फुकट ॲप उतरवून घ्यायची. एका कानानं ऐकायचं, दुसऱ्यानं सोडायचं, असंच माझं चाललं होतं.

सगळ्यात सुंदर रेकॉर्डिंग मी केलं ते त्यांचंच. त्यांच्या गावी, धानोऱ्यापासून आत, मोहाच्या झाडाखाली तासभर बोलले. जंगलातून तार ओढली तेव्हाच्या गोष्टी. वाऱ्यानं तार गुणगुणते, ते ऐकून अस्वलाला वाटतं खांबात मधाचं पोळं आहे, मग ते खांबाला कवटाळून वर चढतं, आणि खाली भाऊ पकड हातात घेऊन, "अरे उतर ना बाप्पा, मले बी काम हाय!" म्हणत उभे. तारेचा गुणगुणाट त्यांनी तोंडानं काढून दाखवला आणि आजूबाजूच्या बाया पोट धरून हसल्या. ते हसूही रेकॉर्ड झालं. कंपनीतल्या साहेबांनी ते सगळ्या ऑफिसला ऐकवलं म्हणे. मला फार अभिमान वाटला.

आता माझी चूक सांगते. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी टॅबवर अटींचं लांबलचक पान यायचं, इंग्रजीत, आणि खाली बटण, 'मी सहमत आहे.' ते बोलणाऱ्यानं दाबायचं असतं. नेटवर्क जायचं, पान अडकायचं, लोक मोह वेचायचं सोडून आलेले असायचे... मी आपली सगळ्यांच्या वतीनं दाबत गेले. दुसऱ्या कुठल्या गावात हे कदाचित खपून गेलं असतं. पण भाऊंच्या गावात मतदानसुद्धा होत नाही. बांबू तोडायचा असो की तलावाची मासोळी काढायची असो, ग्रामसभा बसते आणि एकूण एक माणूस 'हो' म्हणेपर्यंत बसते. एक जण जरी गप्प राहिला तरी उठायचं, पुन्हा बसायचं. बहुमत त्यांना चालत नाही. दुसऱ्याच्या वाट्याचं 'हो' तिथे नवरा बायकोचंही म्हणत नाही. अशा गावात मी, सावलीची शहाणी, साऱ्या गावाचं 'हो' एका बोटानं म्हणून बसले होते.

एका सकाळी भाऊंनी पेपर माझ्यापुढे सरकवला. पेन्सिलीची खूण. आमची कंपनी एका फार मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती. मला तर आनंद झाला, म्हटलं पगार वाढेल! भाऊंनी विचारलं, "मंग आमचे आवाज बी विकले का?" मी म्हटलं, "नाही हो भाऊ, कंपनी विकली." "तेच म्हणून राह्यलो. कंपनीत का हाय? टेबल-खुर्च्या? कोणत्या अटीवर घेतले होते तुमी आवाज?" तीन वर्षं ते पान माझ्या बोटाखालून जात होतं, पण मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

त्यांनी मला गडचिरोलीहून त्या अटी छापून आणायला लावल्या. चाळीसच्या वर पानं. खात्यातल्या मशीनची पुस्तकं वाचून शिकलेलं इंग्रजी आणि एक फाटका शब्दकोश, एवढ्यावर त्या माणसानं ती सगळी पानं वाचली. गिऱ्हाईकांना "उद्या ये" सांगून वाचली. अडलं की मला विचारायचे. "'परपेच्युअल' म्हणजे का व्हय बाई?" "कायमचं." "कायमचं म्हणजे किती?" "कायमचं म्हणजे... कायमचंच, भाऊ." त्यांनी पेन्सिलीनं समासात गोंडीत काहीतरी लिहिलं. मी असं वाचन कॉलेजात पाहिलं नाही, कचेरीत पाहिलं नाही. जगातल्या बड्या बड्या वकिलांनी मिळून लिहिलेला तो कागद, कोणी वाचू नये म्हणूनच लिहिलेला, आणि धानोऱ्यात एक निवृत्त लाईनमन एकेक शब्द उघडून आत बघत होता.

मग ग्रामसभा बसली, तीन वेळा. भाऊ एक अट वाचत, गोंडीत सांगत, थांबत. कंपनी विकली तर आवाजही नव्या मालकाकडे जातील, ही अट आली तेव्हा एक म्हातारी उठली. तिनं माझ्या टॅबमध्ये पन्नासेक झाडांची नावं सांगितली होती. तिनं गोंडीत विचारलं आणि भाऊंनी मान खाली घालून मराठीत केलं, "ही विचारते, मी सहमत हावो म्हणून कोण म्हणालं?" भाऊंना उत्तर माहीत होतं. मीच त्यांना सांगितलं होतं, रडत रडत, दोन दिवस आधी. पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उठले. म्हटलं, "मी म्हणाले. तुम्हा सगळ्यांच्या वतीनं." म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, नवलानं, आणि काहीतरी बोलली. भाऊंनी सांगितलं, "म्हणते, एवढ्या जणांचं ओझं पोरीनं एकटीनं उचललं, थकली असन."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं!

तिसऱ्या बैठकीला सगळ्यांचं 'हो' झालं: आवाज परत घ्यायचे, पुसून टाकायला लावायचे. ग्रामसभेचं पत्र गेलं, शिक्क्यासह. कंपनीचं उत्तर आलं की प्रत्येकानं स्वतः संमती दिल्याची नोंद आहे. ती नोंद खोटी होती, पण ते लेखी सांगू शकणारी जगात एकच व्यक्ती होती, आणि तिला दर महिन्याला त्यांच्याकडूनच पगार मिळत होता. घर माझ्यावर चालायचं. मी भाऊंच्या खोलीत रोज जाऊन बसायची, वाट बघत, की हा माणूस आता म्हणेल, आता म्हणेल. नाही म्हणाले. दुरुस्ती करत राहिले, चहा पाजत राहिले. शेवटी मीच चिडले. "भाऊ, एकदा सांगून का नाही टाकत, की पत्र लिही म्हणून?" त्यांनी भिंग काढलं. "तुह्या वाट्याचं मी कसा म्हणू, बाई?"

त्याच दुपारी मी लिहून दिलं. पंधरा दिवसांत नोकरी गेली. आई महिनाभर धड बोलली नाही.

काही महिन्यांनी नव्या कंपनीचं कळवणं आलं. तिला बहुधा भानगड नको होती. त्या गावचे सगळे आवाज काढून टाकतो, खात्री करून सही करा. रेकॉर्डिंग मी केलेलं, म्हणून सही माझीच. कोणाचे काढायचे त्याची यादी भाऊंनी आपल्या हातानं केली आणि पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं राहू द्या ना. तुम्ही स्वतः 'हो' म्हणा, कोणाची ना नाही. इतकं गोड झालंय ते." ते हसले. "मले बी आवडलं होतं ते." एवढंच म्हणाले आणि दुसरं नाव लिहायला घेतलं.

तेरवीनंतर चार दिवसांनी मी त्यांच्या गावी गेले. जानकाबाई, त्यांची बायको, अंगणात बसली होती. भेटायला माणसं येत होती, जात होती. तिनं मला पाणी दिलं, माझी आई कशी आहे विचारलं, आणि मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "बाई, तुह्याजवळ हाय ना त्याचा आवाज? ते अस्वलाचं?" घरात कोणाच्या फोनमध्ये, कुठेच त्यांचा आवाज नव्हता. साऱ्या तालुक्याचे फोन दुरुस्त करणाऱ्या माणसाचा! मी तिचे हात धरले आणि सांगितलं, की नाही, ते पुसलं. मीच सही केली. "सगळ्यांचे पुसले?" तिनं विचारलं. "सगळ्यांचे." "अन् त्याचा बी?" "त्यांचं नाव तर यादीत पहिलंच होतं, बाई." "मले वाटलं होतं, आपला तेवढा लपवून ठेवला असन त्यानं," ती म्हणाली. "नाई ठेवला?"

"नाही ठेवला."

तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि देवाशप्पथ सांगते, त्या तोंडावर रडू नव्हतं. तेवढ्यात शेजारची बाई अंगणात आली. जानकाबाई ताठ बसली आणि तिला गोंडीत तेच सांगितलं. मग एक म्हातारा आला, त्याला सांगितलं. मग दोघी बहिणी आल्या, त्यांनाही. मला गोंडी अजून नीट येत नाही, पण मी बसून होते, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य मला पाठ झालं: सगळ्यांचे पुसले, अन् आपला बी ठेवला नाई.