भिंगरीच्या गोळीला सुट्टी

काटकसरीत पडदेवालीचा हात कोणी धरू शकत नसे. गिऱ्हाइकाच्या पडद्यातून उरलेल्या कापडात ती उशीचे अभ्रे काढी आणि अभ्र्यांतून जे उरे त्याच्या पिशव्या. अशा बाईच्या हाती डॉक्टरांनी लेकीची महागडी गोळी सोपवली आणि वर सांगितलं, "रोज सकाळी एक."

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. पोर चौथीत होती, पण बाकावर क्वचितच असे. तिच्या अस्वस्थपणाला एडीएचडी असं नाव आहे हे कळल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी याला वांडपणा म्हणायचे. तो फुकट होता."

गोळीने गुण दिला. भिंगरी उदाहरण अर्ध्यात न सोडता शेवटपर्यंत सोडवू लागली. म्हणजे आता कात्री चालवायला हरकत नव्हती. रविवारी शाळाच नाही, तर लक्ष लागून करायचंय काय? रविवार कापला. शनिवार अर्धाच, तोही कापला. बुधवारी चित्रकला आणि खेळ. महागाची गोळी घेऊन पोरीने पळायचंच, तर ती पोटात घालायची कशाला? गोळ्यांची पट्टी जास्त दिवस पुरू लागली, आणि आपल्याला डॉक्टर व्हायला काय कमी होतं, असं पडदेवालीला अधूनमधून वाटू लागलं.

एका बुधवारी खेळाच्या तासाला भिंगरी चेंडूमागे धावत शाळेच्या फाटकाबाहेर गेली, थेट रस्त्यावर. स्कूटरवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली. शाळेने आईला बोलावून घेतलं, आणि आईने डॉक्टरांना गाठलं.

"गोळी रोज चालू आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज." या प्रश्नाला दुसरं उत्तर असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांच्या मागे भिंतीवर औषध कंपनीने छापलेलं एक कुटुंब दात दाखवून हसत होतं. त्यांना गोळी बहुधा कंपनीच फुकट पोचवत असावी.

"रोज घेऊनही ही तऱ्हा? मग डोस दुप्पट करू." त्यांचं पेन कागदावर टेकलं.

पडदेवालीच्या मनात आधी किंमत आली. मग पोर आली. मंगळवारी अंगात दुप्पट औषध, बुधवारी काहीच नाही, आणि समोर तोच रस्ता.

"थांबा डॉक्टर. रोज नाही देत मी."

"विसरता?"

"नाही. परवडत नाही."

भिंगरी टेबलावरचा स्टेपलर उघडून बघत होती. डॉक्टरांनी तो हळूच काढून घेतला.

"हे आधी सांगायचं ना, ताई."

"तुम्ही कुठे विचारलंत?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "याच औषधाची साधी गोळी येते. बरीच स्वस्त. पण तिचा असर दुपारीच उतरतो, मग दुसरी शाळेत द्यावी लागते. म्हणजे वर्गशिक्षिकेला सांगणं आलं. पहिल्या भेटीत तुम्हीच म्हणाला होतात, शाळेत कळता कामा नये, म्हणून दिवसभर टिकणारी महागडी लिहिली."

म्हणाली होती खरी. अब्रूची एवढी किंमत ती दरमहा औषधाच्या दुकानात भरत होती, आणि तीही अर्धवट.

"साधीच लिहा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वर्गाच्या दारात उभी राहिली. आत पोरं डबे उघडत होती. "आमच्या हिला औषध चालू आहे," ती पुटपुटली.

"जरा मोठ्याने बोला हो," वर्गशिक्षिका म्हणाल्या, "या गोंगाटात काही ऐकू येत नाही."

पडदेवालीने एकदा पोरांकडे पाहिलं, आणि तेच वाक्य मोठ्याने म्हटलं.