रणपिसेबाईंनी जोडलेलं गोत

रविवारची उपासना आटोपली की रणपिसेबाई घरी येत नसत. त्यांच्या पिशवीत बायबलशेजारी दात घासायचा जुना ब्रश, पाण्याची बाटली आणि रांगोळीचा डबा असे. मी वारज्याच्या सोसायटीत नवा होतो, तेव्हा तो डबा पाहून जिन्यात सहज विचारलं, "बाई, कुणाकडे कार्य आहे का?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "कार्य कधीच उरकलंय. मी नुसती विचारपूस करायला जाते. चल, एरवी तरी लोळतच पडणार आहेस." मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत बाटली माझ्या हातात आली होती. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईंना नाही ऐकायची सवयच नव्हती.

आम्ही पोचलो ते लष्कर भागातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत. सदाशिव पेठेत वाढलेल्या माझ्यासारख्याला पुण्याचा इतिहास शनिवारवाड्यापाशी सुरू होऊन तिथेच संपतो असं वाटे. इथे दुसरंच पुणं विसावलं होतं. कंपनी सरकारचे कप्तान, पटकीने गेलेल्या त्यांच्या तरुण बायका, नाव ठेवण्याआधीच गेलेली बाळं. पुढे भिंतीकडे जावं तशी आडनावं ओळखीची होत जात. तिथेच शेवटच्या ओळीत बाईंच्या आईची कबर होती. आई परिचारिका होती. बाई अविवाहित, एकुलत्या एक. त्या आईचं सगळं गोत म्हणजे या एक बाई.

दगडावरची अक्षरं झिजलेली. बाईंनी ब्रशने माती काढली, दगड वाळू दिला, वर चिमटीने रांगोळी भुरभुरली आणि तळव्याने हलकेच पुसली. खोलगट राहिलेल्या अक्षरांत पांढरी पूड बसली आणि न दिसणारं नाव लख्ख वाचता आलं. मला कोण आनंद झाला! बाई मात्र कोरडेपणाने म्हणाल्या, "नाचू नकोस. शेजारच्याच्या पायावर उभा आहेस."

तेव्हा शहराला नुसती घाई झाली होती. आमच्यासारखी पोरं दोन हजार साल उजाडताना संगणक बंद पडू नयेत म्हणून राबत होती, बाहेरगावचे लोक नोकऱ्यांसाठी येत होते, आणि जागा जिवंतांनाच पुरत नव्हती, तिथे मेलेल्यांची काय कथा. दफनभूमीच्या समितीने ठरवलं की ज्या कबरींकडे कुणी फिरकत नाही, त्या काढून नव्यांना जागा द्यायची. सुरुवात भिंतीकडच्या ओळीपासून. बाई जिवंत असेपर्यंत आईची कबर सुरक्षित होती. पुढचं कोण सांगणार?

"मी गेले की आई बेवारस," असं त्या एकदाच म्हणाल्या. मग पदर खोचून कामाला लागल्या. त्या ओळीतल्या कबरी त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांत वाटायला घेतल्या. त्यात जातधर्म बघितला नाही; बघितला तो स्वभाव. मला एक तारमास्तर मिळाला. "तोही तारा जोडायचा, तूही जोडतोस. बोला दोघं." तळमजल्यावरचे लेलेकाका सोसायटीच्या प्रत्येक सभेत भांडत, म्हणून त्यांना ओळीच्या टोकाला एकटाच पडलेला कप्तान दिला. माझ्या कंपनीतली संगीता मेश्राम नागपूरकडची, बौद्ध घरातली. ती नुसती बघायला म्हणून आली होती. एका इवल्याशा दगडापाशी बसली ती उठेचना. "बाई, हे लेकरू मला द्या," ती म्हणाली. "पण मला तुमची प्रार्थना येत नाही." बाई म्हणाल्या, "त्याला तरी कुठे येत होती? पाणी घाल, फूल ठेव. झालं."

लेलेकाकांचा उत्साह तर विचारू नका. एका रविवारी त्यांनी काळा ऑइलपेंट आणून कप्तानाचं पुसट नाव स्वहस्ते रंगवलं, आणि रीत म्हणून नावाआधी ठसठशीत "कै." लिहून टाकलं! आम्ही डोक्याला हात लावला. बाईंनी मान तिरकी करून ते वाचलं. "चालायचंच," त्या म्हणाल्या. "इथल्या उन्हाने बिचारा हैराण झाला असेल. कैलासावर गार वाटेल त्याला." तो रंग घासून काढायला मात्र काकांनाच बसवलं, आणि तेही मुकाट्याने बसले. काकांना गप्प बसलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

ईस्टरच्या पहाटे सगळी ख्रिस्ती कुटुंबं मेणबत्त्या आणि फुलं घेऊन आपापल्या माणसांना भेटायला येतात. त्या वर्षी भिंतीकडची ओळही उजळली. लेलेकाका झेंडूचे हार घेऊन हजर, संगीता ऑफिसातल्या मैत्रिणींसह. समितीचे चिटणीस फिरत फिरत तिथे आले. वाईट माणूस नव्हता. जागेच्या चिंतेने गांजलेला होता. ते हळूच म्हणाले, "बाई, ही मंडळी तुमच्या शब्दाखातर आली आहेत. तुमच्यामागे कोण येणार? आपण आहात तोवर ओळीला हात लावत नाही, एवढंच सांगतो." बाईंनी ब्रश आणि डबा पिशवीत भरला. परत येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

पुढे काही वर्षांनी, थोड्याशा आजाराने बाई गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे आईच्याच कबरीत त्यांना ठेवायचं ठरलं. पाळकांनी प्रार्थना म्हटली आणि रिवाजाप्रमाणे सांगितलं, "आता आधी घरच्यांनी माती द्यावी."

चिटणीस खाली बघत होते. घरचं कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग काठी टेकत लेलेकाका पुढे झाले. त्यांनी वाकून मूठभर माती घेतली, टाकली आणि बाजूला उभे राहिले. मागून संगीता आली, कडेवरच्या मुलीच्या चिमुकल्या मुठीतही तिने माती दिली. मग मी. मागे वळून पाहिलं तर रांग लागली होती. सोसायटीतली, ऑफिसातली, बाईंच्या शाळेतली, मला माहीतही नसलेली माणसं. रांग संपेना म्हणून पाळकांनी हळूच विनंती केली, "फक्त घरच्यांनी, कृपया. बाकीच्यांनी नंतर."

रांगेतून एकही माणूस बाजूला झाला नाही.